गावावर राहिलेल्या बाईचं नाव

कासेगावचे बाबूजी पाटणकर आणि इंदुताई यांचं लग्न १९४६ च्या सुरुवातीला झालं. दोघंही इंग्रजांविरुद्धच्या प्रतिसरकारातले. इंदुताई मूळच्या इंदोलीच्या, निकमांच्या. बेचाळीसच्या चळवळीसाठी घर सोडलं तेव्हा त्या जेमतेम सोळा-सतरा वर्षांच्या होत्या. भूमिगतांचे निरोप पोचवायचे, हत्यारं इकडची तिकडं न्यायची, गावोगावच्या बायकांना चळवळीत ओढायचं, ही कामं करता करताच त्यांना जोडीदार मिळाला. १९५२ मध्ये बाबूजींचा खून झाला. मुलगा दोन-तीन वर्षांचा होता. संसार झाला सहा वर्षांचा आणि त्यानंतर इंदुताई २०१७ पर्यंत जगल्या. म्हणजे ६५ वर्षं त्या माणसाविना.

इस्लामपूरहून पेठ नाक्याला येऊन कराडच्या दिशेनं निघालं की नेर्ल्याच्या पुढं कासेगाव लागतं. हमरस्त्यावरून रोज हजारो गाड्या जातात. या गावात एवढी मोठी प्रेमकथा घडली, हे आपल्या वाळवा तालुक्यातल्या किती पोरापोरींना माहीत आहे? मी वर्गात शिकवत होते तेव्हा विचारायची. हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीही उत्तरं येत नसत.

ही गोष्ट सांगणारे बहुतेक जण बाबूजींच्या मृत्यूपाशी थांबतात, डोळे पुसतात आणि इंदुताईंना ‘त्यागमूर्ती’ म्हणून मोकळे होतात. माझं म्हणणं असं की खरी गोष्ट तिथून सुरू होते. इंदुताईंनी शिक्षिकेची नोकरी धरली, सासूच्या साथीनं पोर वाढवलं, राजकारण सोडलं नाही. तो मुलगा म्हणजे पुढं धरणग्रस्तांच्या आणि दुष्काळी भागातल्या पाण्याच्या लढ्यांत उभे राहिलेले डॉ. भारत पाटणकर. अमेरिकेतून येऊन कासेगावची झालेली सून गेल ऑमव्हेट यांच्या बरोबरीनं इंदुताई स्त्री मुक्ती संघर्ष चळवळीत उतरल्या, तेव्हा त्यांनी प्रश्न हाती घेतला तो परित्यक्तांचा. नवरा जिवंत आहे, पण त्यानं टाकलंय, अशा बायकांचा. स्वतःचा नवरा मरणानं नेलेल्या बाईनं हे काम निवडावं, यात मला तिच्या प्रेमाची सगळ्यात मोठी खूण दिसते. आपल्या वाट्याला आलेला माणूस किती बरोबरीनं वागला, हे जिला ठाऊक होतं, तिला दुसऱ्या बायकांच्या वाट्याला काय आलंय ते लख्ख दिसलं असणार.

कासेगावच्या जवळच वाटेगाव आहे, अण्णाभाऊ साठ्यांचं. त्यांची ‘माझी मैना’ ही छक्कड महाराष्ट्रानं डोक्यावर घेतली. पोटासाठी मुंबईला गेलेला गडी गावाकडच्या बायकोसाठी झुरतो आणि शेवटी ती ताटातूट बेळगाव-कारवारच्या ताटातुटीला जाऊन भिडते. १ मे १९६० ला राज्य झालं, ती गावं मात्र अजूनही बाहेरच आहेत. अण्णाभाऊंनी गिरणगाव आतून पाहिलं होतं, म्हणून त्या गड्याचं दुःख इतकं खरं उतरलं. त्या गाण्यावर माझा फार जीव आहे. पण मैना गावावर राहून काय करत होती, हे सांगायला कुणी शाहीर आला नाही.

माझी थोरली आत्या अशीच एक मैना. तिचा नवरा लालबागच्या गिरणीत. सणाला नाही तर गावच्या जत्रेला यायचा, चार दिवस राहायचा. मनिऑर्डर यायची तेव्हा पोस्टमन पैसे मोजून द्यायचा आणि खालचा चार ओळींचा मजकूर वाचून दाखवायचा, कारण आत्याला अक्षर येत नव्हतं. आपल्या माणसाचं बोलणं तिनं जन्मभर परक्याच्या तोंडून ऐकलं. भांगलणीला तीच, गुरांपाशी तीच, सासू-सासऱ्यांचं दुखणं काढायला तीच. पुढं मनिऑर्डरी थांबल्या. मुंबईत त्यानं दुसरं घर केल्याचं गावातल्या सगळ्यांना तिच्या आधी कळलं होतं. आत्या एवढंच म्हणाली, “माणूस तिथं, मी हितं. रान काय पडीक ठिवायचं व्हय?” ते रान तिनं मरेपर्यंत कसलं. सातबाऱ्यावर तिचं नाव कधीच आलं नाही. ती गेल्यावर भावकीतल्या एका कर्त्या माणसानं भाषण केलं, की अशी पतिव्रता, असा त्याग आता बघायला मिळायचा नाही. मला त्या भाषणाचा आजही राग येतो.

इंदुताईंचा विरह आणि माझ्या आत्याचा विरह एका माळेत ओवता येत नाही. इंदुताई आणि बाबूजी दोघांनीही धोका पत्करून एक वाट निवडली होती आणि त्या वाटेवर एक जण मारला गेला. आत्याला कुणी काही विचारलंच नव्हतं. तिच्याकडून जे घेतलं गेलं, ते तिनं दिलं असं म्हणून आपण घेणाऱ्याला सोडून देतो. फसवणूक झाली होती तर तसं म्हणायला हवं. बाईच्या सोसण्याला देव्हाऱ्यात बसवलं की तिचा हिस्सा द्यायची गरज उरत नाही. म्हणून तर हा देव्हारा इतका टिकला.

या दोहोंच्या मधलीही माणसं आपल्याकडं आहेत. येडेमच्छिंद्रचे नाना पाटील वर्षानुवर्षं भूमिगत होते. इंग्रज सरकारनं घरावर, जमिनीवर टाच आणली आणि त्यांची एकुलती एक मुलगी हौसाताई आजीजवळ वाढली. आई लहानपणीच गेली, बाप जिवंत असून घरात नाही. त्याच हौसाताई पुढं स्वतः प्रतिसरकारच्या कामात पडल्या. १० सप्टेंबर १९४२ ला इस्लामपूरच्या कचेरीवरच्या मोर्चावर गोळीबार झाला, त्यात किर्लोस्करवाडीचे उमाशंकर पंड्या आणि कामेरीचे विष्णू बारपटे हुतात्मा झाले. त्यांची नावं आपण घेतो, घ्यायलाच हवीत. पण अशा माणसांच्या घरी त्या रात्री चूल कुणी पेटवली आणि पुढची वर्षं त्या घरांत कुणी ओढली, हे गावच्या इतिहासात का नसावं? त्या पिढीतलं आता क्वचितच कुणी उरलंय. त्यांच्या लेकी-सुनांना आठवतंय तोवर ग्रामपंचायतींनी आणि शाळांनी ते लिहून घ्यावं. पाचवी-सहावीची पोरं वही घेऊन घरोघर गेली तरी पुष्कळ होईल. मी पोरांकडून असं करून घेतलंय. म्हाताऱ्या आधी “माझं काय लिवतीस बाई” म्हणतात आणि मग तासभर थांबत नाहीत.

दुसरं काम त्याहून कठीण आहे. टाकलेल्या बाईला आज संजय गांधी निराधार योजनेतून महिन्याला १५०० रुपये मिळू शकतात, पोटगीसाठी कोर्टात जाता येतं. पण आपल्याला टाकलंय हे सिद्ध करायला तिलाच तलाठ्यापासून तहसीलपर्यंत हेलपाटे घालावे लागतात. जमीन, घर आधीपासून तिच्या नावावर असतं तर ही वेळ कशाला आली असती? शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीचं आंदोलन केलं, त्यानंतर सरकारनंही नवऱ्याच्या अर्जावरून त्याच्या हयातीत बायकोचं नाव सातबाऱ्याला लावायची सोय केली. त्याला ३० वर्षं उलटून गेली. ऊस भरणीला घालताना, खोडवा राखताना बरोबरीनं राबणाऱ्या किती बायकांची नावं वाळवा तालुक्यात लागली?

लग्नाच्या वाढदिवसाला बायकोसोबतचा फोटो मोबाइलवर लावणाऱ्या माझ्या भावांना, पुतण्यांना, जुन्या विद्यार्थ्यांना माझं सांगणं आहे. पुढच्या वाढदिवसाच्या आधी तलाठी कार्यालयात जा आणि अर्ज द्या.