बिऱ्हाड कोठे थाटावे?

पुण्यामुंबईत काही वर्षे नोकरी करून, हाती थोडी शिल्लक पडल्यावर सोलापुरास परत येऊ पाहणारी जी तरुण दांपत्ये आहेत, त्यांच्या मनात घराच्या क्षेत्रफळाहून आणि कर्जाच्या हप्त्याहूनही मोठी अशी एक चिंता वास करीत असते : मूल बिघडू नये, माणसांची आणि कष्टांची त्याला ओळख राहावी, एवढ्यासाठी या शहरात बिऱ्हाड नेमके कोठे थाटावे?

शहर लहान म्हणून मुले साधी, हे त्यामागचे गृहीतक मला मान्य नाही. हिंजवडीच्या आसपास वाढणारे मूल आपल्यासारख्याच हजारांतले एक असते. बापाचा तोच पगार होटगी रस्त्यावर किंवा जुळे सोलापुरात आणला, की बंगला, मोटार, स्वयंपाकीण आणि फाटकावर पहारेकरी असा सरंजाम सहज जमतो, आणि त्या मुलाला, त्याचा काडीइतका अपराध नसताना, जहागिरीच्या वारसाची वागणूक मिळू लागते. साधेपणाच्या शोधात आलेल्या आईबापांनी अजाणता एक छोटे संस्थानच स्थापन केलेले असते.

आमच्या जुन्या पेठांत जे होते, ते साधेपणापेक्षा सक्तीचा शेजार या सदरात अधिक मोडते. 1877 साली निघालेल्या जुन्या मिलच्या पाठोपाठ नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू अशा गिरण्या उभ्या राहिल्या आणि त्यांच्या भोंग्याने कारकुनाचा व साचेवाल्याचा दिवस एकाच सुरावर बांधून टाकला. पूर्व भागातील पद्मशाली घरांत एकाच छपराखाली माग चाले आणि संसारही. आणि घरात तेलुगू, शाळेत मराठी, बाजारात कन्नड नि उर्दू ऐकत वाढणाऱ्या पोराला, आपल्या घरची रीत म्हणजे जगाचा शिरस्ता नव्हे, हे निराळे शिकवावे लागत नसे. येथे कोणी डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचा दाखला देईलच : 1910 साली याच शहरात, आठ भावंडांच्या निम्न मध्यमवर्गीय घरात ते जन्मले, 1938 साली वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले आणि 1942 साली तेथेच रुग्णसेवा करीत निवर्तले. परंतु एका कोटणीसांवरून पेठेची योग्यता सिद्ध करू गेल्यास, त्याच पेठांत निपजलेल्या टवाळखोरांची कैफियतही ऐकून घ्यावी लागेल, आणि ती बरीच लांबलचक आहे.

आमची ही मध्यमवर्गीय चर्चा रंगात आली, की मला शहराजवळच्या कुंभारीचे विडी कामगारांचे घरकुल आठवते. केंद्र सरकार, राज्य सरकार आणि स्वतः कामगार स्त्री अशा तिघांच्या पैशांतून, आणि कामगारनेते आडम मास्तरांच्या चळवळीच्या दीर्घ चिकाटीतून, गोदूताई परुळेकरांच्या नावाची सुमारे 10,000 घरांची ही वसाहत 2006 साली साकार झाली. तेंदूची पाने भिजवून, कापून, मांडीवरच्या सुपात तंबाखू घेऊन हजाराच्या हिशेबाने विड्या वळणाऱ्या आईशेजारी बसून पोरेही दोरा बांधू लागत. कष्टांचे संस्कारच हवे असतील, तर यापरते कोणते? तरी त्या बाईने घराची आस धरली ती संस्कारांसाठी खासच नव्हे. हवेशीर खोली, स्वतःच्या नावाचा दस्तऐवज, आणि जमल्यास मुलीच्या हातून ते सूप कायमचे सुटावे, एवढीच तिची मागणी असणार. टंचाई निवडण्याची चैन, ज्याच्या घरी भरपूर आहे त्यालाच परवडते. म्हणूनच मुलांना मुद्दाम गैरसोयीत ठेवण्याचे प्रयोग मला नाटकी वाटतात, आणि आईबापांचे नाटक मुलांना फार लवकर कळते.

मग घर पाहताना पाहावे काय? माझ्या मते घराहूनही घरापासून शाळेपर्यंतचा रस्ता अधिक निर्णायक आहे. जे मूल एका फाटकातून मोटारीत बसून दुसऱ्या फाटकापाशी उतरते, ते कोणत्याच गावचे रहिवासी नसते. ज्या रस्त्यावर पिठाची गिरणी आहे, पंक्चर काढणारा आहे, रांगेत थांबावे लागते, आणि आगाऊपणा केल्यास अनोळखी आजोबा कान उपटण्याचा हक्क बजावतात, त्या रस्त्याने ते पायी वा सायकलीने जाऊ शकत असेल, तर घर मुरारजी पेठेत आहे की विजापूर रस्त्यावर, याला मी फारसे महत्त्व देणार नाही.

एक चौकशी मात्र दलालापाशी अवश्य करावी : नळाला पाणी किती दिवसांनी येते? उजनीचे धरण असतानाही सोलापूरकराने दिवस मोजत पाण्याची वाट पाहावी, हे महापालिकेला मुळीच भूषणावह नाही आणि त्याचे समर्थन करण्याचा माझा इरादा नाही. पण पाणी येण्याचा दिवस ज्या घरातल्या मुलाला पाठ असतो आणि ज्या घरातल्या मुलाला पाणी येते-जाते हेच ठाऊक नसते, त्या दोन घरांत फार अंतर पडते. दलाल म्हणाला, की आपल्या इमारतीला टँकर असतो, तुम्ही काळजी करू नका, तर तेवढ्यावरून व्यवहार मोडण्याचे कारण नाही. त्या टँकरची पावती महिन्याकाठी मुलाच्या हाती द्यावी, आणि जिना धुवायला येणाऱ्या मावशींच्या घरी पाणी किती दिवसांनी येते, हे त्याने स्वतः जाऊन विचारून यावे.

— पेठकर