रंगाचा डबा उघडण्याआधी

आपलं स्वयंपाकघर आपल्याच हातांनी नवं करायचं, ही हौस हल्ली पुष्कळ जणींना असते, आणि ती चांगलीच आहे. बेतही लहानसा असतो: दोन रविवार, रंगाचे दोन डबे, फळ्यांना नवा कागद, सिंकला नवा नळ. पण भगिनींनो, जुन्या घरात ओट्याखालचं सामान हललं की बेतात नसलेली कामं निघतातच. म्हणून रंग आणण्याआधी ओट्याखाली काही म्हणजे काही ठेवू नका आणि बॅटरी घेऊन मागची भिंत नीट बघा.

आमच्याकडे गेल्या दिवाळीआधी सिंकखालची फळी काढली, तर मागे भिंतीला पांढरा खार फुटलेला आणि प्लायवूडचा हाताने भुगा होत होता. ह्यांचं म्हणणं पडलं, “वरून रंग मारू, फळी लावल्यावर दिसतंय कुणाला?” आपल्याला दिसणार नाही हो, पण खालच्या बिऱ्हाडाच्या छताला दिसेल, त्याचं काय? शिवाय ओल्या भिंतीवर रंग टिकत नाही, थोड्याच दिवसांत पोपडे सुटतात. मी हट्टच धरला.

ओल आतून येते की स्वयंपाकाच्या वाफेची आहे, हे घरीच कळतं. फूटभर प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीवर घट्ट बसवा आणि एक दिवस राहू द्या. पाणी प्लास्टिकच्या आतल्या बाजूला जमलं तर भिंतीतच मुरतंय. बाहेरून जमलं तर वाफेला वाट नाही. मग खिडकी उघडी ठेवा, नाहीतर पंखा बसवून घ्या.

आमचं पाणी आतलं निघालं. भिंतीतला जस्ताचा मुलामा दिलेला जुना लोखंडी नळ एल्बोपाशी गंजून झिरपत होता. असा नळ बाहेरून धड दिसतो आणि आतून गंजलेला असतो. नवी तोटी बसवायला पान्याने जोर लावला की जोडच हातात येतो. म्हणून तोटी बदलायची असेल तर टाकीचा व्हॉल्व्ह आधी बंद करा आणि जोड हलतोय असं वाटलं की तिथेच थांबा. आम्ही प्लंबरला बोलावलं. चार टाइल्स फुटल्या, तीन फूट नळ बदलून सीपीव्हीसीचा घातला. नव्या गिलाव्यावर सात दिवस पाणी मारलं, मग तो सुकायची वाट पाहिली. तोवर भांडी न्हाणीघरात! सकाळची शाळा सांभाळून हे करताना जीव मेटाकुटीला आला, पण दिवाळीला भिंत कोरडी होती.

रंग, घासणं, फळ्या, तोटीला टेफलॉनची पट्टी, हे आपण खुशाल करावं. विजेला मात्र हात लावू नये. बोर्डाच्या सरळ वर, खाली किंवा बाजूला खिळा ठोकू नका, वायरी बहुधा तिथूनच जातात. मिक्सरच्या प्लगला अर्थिंग आहे ना, हे वायरमनकडून तपासून घ्या.

गॅसची नळीही याच वेळी बघा. तिच्यावर तारीख छापलेली असते. सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदलायची, ती फळीमागे दडवायची नाही. हा गॅस हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो, म्हणून ओट्याखालच्या कपाटाला खालच्या बाजूला हवेची जाळी हवीच. वास आला तर रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, विजेच्या बटणाला हात लावू नका आणि घराबाहेर जाऊन १९०६ला फोन करा.

पैशाचं म्हणाल, तर दहा हजारांचा बेत असेल तर त्यातले तीन हजार आधीच बाजूला काढा. कामं संपेपर्यंत नवे डबे, नवे पडदे काही घेऊ नका, कितीही सेल लागलेला असो. टाइल्स घ्याल तेव्हा पाच-सहा जास्तीच्या घेऊन माळ्यावर ठेवा, काही वर्षांनी तसली टाइल बाजारात सापडत नाही. आमच्या चार टाइल्स निराळ्या रंगाच्या बसल्यात. सासूबाईंनी त्यांच्यापुढे लोणच्याच्या बरण्या मांडून ठेवल्यात.