भित्री आहे, म्हणून घर नको?

"त्या खेळतायत ना, त्यातली एखादी द्या. ती कोपऱ्यातली नको, ती काही माणसांत यायची नाही." शेल्टरमधून मांजर न्यायला आलेली बहुतेक मंडळी हेच बोलतात. शेल्टरचे लोकही मान डोलावतात, कारण खेळकर पिल्लू पटकन जातं आणि एक पिंजरा मोकळा होतो. कोपऱ्यातली कोपऱ्यातच राहते. पुढच्या रविवारी नवी मंडळी येतात, तेच वाक्य बोलतात.

पूर्वपक्षाला न्याय द्यायचा तर त्याचं म्हणणं नीट मांडायला हवं. ते असं: भित्री मांजर घरात रमत नाही. पलंगाखाली बसते, फिस्कारते, हात लावू देत नाही, दार उघडं दिसलं की पळते. घरच्यांचा विरस होतो, तिचे हाल होतात आणि महिन्याभरात ती परत येते, आधीपेक्षा जास्त बिथरलेली. त्यापेक्षा तिला आहे तिथं दोन वेळ खायला घालावं, हीच खरी दया. म्हणणं निर्बुद्ध नाही. पण ते चुकीचं आहे. दयेचं पांघरूण घेतलेला तो आपला आळस आहे.

बेल्लमपल्लीत बसून या विषयावर वाद घालायला कारण आहे. हे तेलंगणातलं, सिंगरेणी कंपनीच्या कोळशाचं गाव. आधी आदिलाबाद जिल्ह्यात, ऑक्टोबर २०१६पासून मंचेरियाल जिल्ह्यात. काझीपेठ-बल्लारशा लाइनीवरचं स्टेशन. त्यामुळे इथल्या मराठी घरांचं निम्मं गणगोत वर राजुरा-चंद्रपूरकडे. इथली मांजर माणसाची नसते, क्वार्टरची असते. माणूस रिटायर होतो, कंपनीचं क्वार्टर सोडावं लागतं, लॉरी लागते, कपाटं-पलंग चढतात. त्या गडबडीत मांजर कौलांवर किंवा न्हाणीमागे दडून बसलेली. दोन हाका मारतात, "राहू दे, शेजारच्या वहिनी बघतील" म्हणतात आणि लॉरी निघते. जुन्या भूमिगत खाणी एकेक करून बंद पडत गेल्या, तशी अशी कुलूप लागलेली क्वार्टरंही वाढली. महिन्याभरात तीच मांजर लोकांच्या तोंडी 'भटकी' होते. ती कशाला घाबरते हे विचारायला कोणी जात नाही. घाबरते एवढंच सगळ्यांना दिसतं.

उपासमार होईल अशा स्थितीत जनावर टाकून जाणं हा १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या अकराव्या कलमाखाली गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. तेव्हा कायद्याच्या जोरावर हा प्रश्न सुटेल असं मी म्हणत नाही. मुंबई-पुण्यासारखा शेल्टरचा आधारही इथं हाताशी नाही. 'ब्लू क्रॉस ऑफ हैदराबाद' ही १९९२ साली अमला अक्किनेनींनी सुरू केलेली संस्था रेल्वेने अडीचशे किलोमीटरवर. याचा अर्थ, बेल्लमपल्लीतल्या भित्र्या मांजरीला घर मिळायचं तर ते बेल्लमपल्लीतच शोधावं लागेल.

आता खंडनाकडे.

'आहे तिथं खायला घालणं पुरेसं' हा विचार आपल्याकडे आला कुठून? पांजरपोळातून. १८३२ साली मुंबईत मोकाट कुत्री मारण्याच्या सरकारी मोहिमेवरून पारशी समाजाने दंगा केला आणि १८३४ साली जमशेटजी जिजीभॉय प्रभृतींनी तिथं पांजरपोळ उभा केला. मोठं काम, त्याची टवाळी करण्याचा माझा हेतू नाही. पांजरपोळाचं वचन असं की जनावराला कोणी मारणार नाही, ते आपल्या मरणाने मरेल. गाईला एवढं पुरतं. चार गाई, गोठा, कडबा. तिचा कळप तिथंच उभा राहतो. मांजरीचा पूर्वज मात्र कळपाने राहणारा नव्हे, एकट्याने शिकार करणारं रानमांजर. परक्या दहा मांजरींच्या वासात, शेजारी कुत्री भुंकत असताना तिला जन्मभर 'सांभाळणं' ही तिच्या दृष्टीने शिक्षाच. शेल्टर ही वाट बघण्याची खोली आहे, मुक्कामाची नव्हे. जगवलं म्हणजे झालं, ही वृत्ती मांजरीपुरती तरी सोडायला हवी.

एका मोठ्या शहरातल्या शेल्टरमधली राखी पट्ट्यांची मांजर माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. लोखंडी पिंजरा, खाली वर्तमानपत्र, एका बाजूला पाण्याची वाटी, दुसऱ्या बाजूला रेतीचा ट्रे. ती त्या ट्रेमध्ये बसली होती, स्वतःच्या घाणीत. मांजरीसारखं स्वच्छताप्रिय जनावर असं का बसेल? पिंजऱ्यात आडोशाला कडा असलेली तेवढी एकच वस्तू होती म्हणून. कान आडवे पडलेले, बाहुल्या इतक्या पसरलेल्या की डोळ्यांचा हिरवा रंग कडेला दोऱ्याएवढा उरलेला. समोर माणूस थांबला की पाठीचं कातडं थरथरायचं. पिंजऱ्याला कार्ड होतं: 'स्वभाव भित्रा'. मी म्हणतो, ते मांजरीबद्दल नव्हे, पिंजऱ्याबद्दल लिहिलं असतं तर बरोबर झालं असतं.

माझं म्हणणं भावनेचं वाटत असेल तर नेदरलँड्समधला प्रयोग बघा. उट्रेख्त विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ साली तो प्रसिद्ध केला. शेल्टरमध्ये नव्याने आलेल्या १९ मांजरी. १० जणींना लपायला खोका दिला, ९ जणींना दिला नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशीच खोकेवाल्या मांजरींवरचा ताण स्पष्ट कमी दिसला. एक पुठ्ठ्याचा खोका! किराणा दुकानदार तो फुकट देतो. ज्या मांजरीला आपण 'स्वभावानेच तशी' म्हणून निकालात काढतो, तिला चार दिवस आडोसा दिला होता का, हा प्रश्न आधी विचारावा आणि मग स्वभावाबद्दल बोलावं.

यावर शास्त्राचा हवाला देऊन प्रतिवाद होतो. मांजरीच्या पिल्लाला माणसाची ओळख व्हायचा काळ दुसऱ्या ते सातव्या आठवड्याचा. तो हुकला की संपलं. आयलीन कार्श यांचं हे संशोधन खरं आहे, निष्कर्ष मात्र ओढूनताणून काढलेला. ज्या पिल्लाने त्या काळात माणूस पाहिलाच नाही त्याला पुढं माणसाळवणं फार कठीण, एवढंच त्यातून निघतं. क्वार्टरमध्ये जन्मलेली, ताटातल्या मासळीच्या काट्यांवर वाढलेली मांजर माणूस ओळखते. तिचा विश्वास उडालेला आहे. आणि उडालेला विश्वास परत येतो. ज्यांचा माणसाशी संबंधच आला नाही अशा रानटी मांजरीही असतात, हे मी नाकारत नाही. त्यांना पकडून, नसबंदी करून त्यांच्या जागी परत सोडणं हाच मार्ग. त्यांना दिवाणखान्यात कोंडणं हा छळच. पण ही दोन प्रकरणं एकाच फायलीत घालू नयेत. फरक ओळखायला वेळ लागतो: भ्यालेली घरची मांजर रात्री सामसूम झाली की बाहेर येऊन माणसाच्या चपला हुंगते, त्याच्या अंथरुणाच्या कडेला बसून बघते. रानटी मांजर तेवढंही करत नाही, खिडकीचा गज शोधते.

"बिचारीने मार खाल्ला असणार" असं म्हणून हळहळणारेही मला पटत नाहीत. खाल्ला असेलही. पण सँड्रा मॅक्यून यांनी १९९५ साली दाखवलं की धीट, माणसाळलेल्या बोक्याची पिल्लं उपजतच अधिक धीट निघतात, आणि त्या बापाने पिल्लांचं तोंडही पाहिलेलं नसतं. म्हणजे भित्रेपणा थोडाफार रक्तातून येतो. प्रत्येक भित्र्या मांजरीमागे एक दुष्ट माणूस उभा करायची गरज नाही. ती करुण कहाणी ऐकून जी मंडळी मांजर नेतात, त्यांना मग आपल्या प्रेमाने ती 'बरी' व्हायला हवी असते, आणि लवकर व्हायला हवी असते. ती होत नाही आणि मंडळी रुसतात.

त्याच घाईतून एक अघोरी उपाय निघतो: उचला, मांडीवर दाबून धरा, सवय होईल. पोरं तर हौसेने करतात. दाबून धरलेली मांजर एका घटकेनंतर निपचित पडते, तेव्हा "बघा, शांत झाली" असं म्हणतात. ती शांत झालेली नसते, तिने आशा सोडलेली असते. उलट रीत अगदी सोपी आहे, पण तिच्यात पराक्रम दाखवायला वाव नाही. जमिनीवर बसा, तिच्याकडे एकटक बघू नका, बघितलंच तर डोळे हळू मिटा, हळू उघडा. इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठाच्या लोकांनी २०२० साली हे तपासून पाहिलं. असं डोळे मिटणाऱ्या अनोळखी माणसाजवळ मांजरी अधिक आपणहून गेल्या. नाहीतर पेपर वाचत बसा. तिच्याकडे दुर्लक्ष करणारा माणूस हाच तिच्या लेखी सभ्य माणूस.

आणि पळून जाण्याचं काय? हा आक्षेप सगळ्यांत वजनदार, कारण तो अनुभवाचा आहे. नवी आणलेली मांजर पळते, हे खरं. पण ती कधी पळते? पहिल्याच दिवशी तिला सगळं घर 'दाखवलं' जातं तेव्हा. बदली होऊन नव्या खाणीवर आलेला कामगार पहिला आठवडा कँटीनमध्ये भिंतीला पाठ लावून जेवतो. त्याला कोणी पहिल्याच दिवशी स्टेजवर भाषणाला उभं करत नाही. मांजरीला एक खोली द्या. एकच, आणि काही आठवडे. खोक्यात जुनी साडी, लांब कोपऱ्यात रेतीचा ट्रे, त्याच्या विरुद्ध बाजूला खाणं-पाणी. ज्या गावात गोदावरीची रेती आणून पोखरलेल्या खाणी भरल्या, तिथं एका ट्रेपुरती रेती मिळायला अडचण नसावी. क्वार्टरमध्ये खरा धोका दाराचा नसतो, भिंत आणि कौलं यांच्यामधल्या फटीचा असतो. ती आधी गोणपाट कोंबून बुजवायची. खिडकीला डासांची जाळी पुरत नाही, नख्यांनी फाटते; कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती तारेची लावावी. एवढं केलेल्या घरातून मांजर पळाली तर आक्षेप मान्य करू.

माणसांनाच घरं नाहीत तिथं मांजरींचे कसले लाड, हाही प्रश्न येतो. त्याला उत्तर देण्यात फार शाई घालवत नाही. एका रिकाम्या खोक्याने कोणाचं घर हिरावलं जात नाही.

खंडन एवढं पुरे. भित्र्या मांजरीला कोणतं घर द्यावं, हे सांगितल्याशिवाय मात्र मला वाद घालण्याचा हक्क नाही. माझं ठाम मत आहे की शहरातल्या हौशी, पोराबाळांनी भरलेल्या, पाहुण्यांचा राबता असलेल्या घरांपेक्षा आपल्या खाणगावातली काही घरं यासाठी कितीतरी चांगली आहेत. रात्रपाळीवाल्याचं घर घ्या. माणूस सकाळी येतो, आंघोळ करून जेवतो आणि झोपतो. दुपारपर्यंत घरात भांडं आपटायचं नाही, टीव्हीचा आवाज बंद, दारावर आलेल्याला "हळू बोला, ड्यूटीवरून आलेत" अशी ताकीद. पडदे ओढलेले. एखाद्या भित्र्या मांजरीने स्वतः घर काढायचं ठरवलं असतं तर याहून वेगळं काढलं नसतं. आणि रात्री, जेव्हा ती खरी जागी असते, तेव्हा घरात फक्त एक बाई आणि सगळं घर तिला हिंडायला मोकळं. रिटायर होऊन मुलांच्या गावी न जाता इथंच राहिलेली जोडपी, हे दुसरं उत्तम घर. त्यांना मांजरीने नाचून दाखवावं अशी अपेक्षा नसते. दिवसातून दोनदा ठरल्या वेळी वाटी ठेवणं एवढं ते घड्याळासारखं करतात, आणि भित्र्या जनावराला ठरलेली वेळ ही मायेपेक्षा आधी कळते.

या घरांना एक गोष्ट मात्र आधी सांगावी लागते: निव्वळ दूधभातावर मांजर जगत नाही. टॉरीन नावाचं द्रव्य तिला मांस-मासळीतून मिळावंच लागतं. ते नसेल तर डोळे जातात, हृदय खराब होतं. ज्यांच्या घरात हे चालत नाही त्यांनी तिला नेऊ नये, यात कमीपणा नाही.

माझ्याच बाजूच्या लोकांनाही एक सुनवायचं आहे. मांजर 'खपवण्यासाठी' आपण फोटो काढतो, खाली लिहितो: गोड, लाघवी, थोडी लाजाळू. हे खोटं बंद करा. लिहायचं ते असं: 'महिनाभर दिसणार नाही. हात लावू देणार नाही. कदाचित मांडीवर कधीच बसणार नाही. रात्री वाटी रिकामी झालेली दिसेल, त्यावरून समजायचं की आहे.' लोक पळून जातील म्हणता? जे पळतील ते तिला तिसऱ्या दिवशी परत आणणारच होते. जो हे वाचूनही येतो, तोच तिचा माणूस. असा एक यायला चार महिने लागले तरी हरकत नाही, फक्त ते चार महिने तिला खोक्यासकट काढू द्या.

शिवाय, मांजर देणाऱ्याने घेणाऱ्याला पहिल्याच दिवशी शब्द द्यावा की नाही जमलं तर परत घेऊ, केव्हाही, आणि एका शब्दाने बोल लावणार नाही. हा शब्द दिलेला नसतो म्हणून न जमलेली मांजर शेल्टरमध्ये परत जात नाही, कॉलनीच्या टोकाला बंद क्वार्टरमागे सोडली जाते.