पथ्य आणि पगार

नवज्वरात व्यायाम आणि प्रवात वर्ज्य करावेत, असे चरकसंहिता सांगते. आपणही रुग्णास तेच सांगतो. परंतु हे पथ्य पाळणे सर्वांनाच परवडत नाही.

गेल्या पावसाळ्यात नगरपालिकेचे दोन सफाई कामगार एकाच सकाळी ज्वर घेऊन माझ्याकडे आले. दोघांचे काम एकच. कायम सेवेतील कामगाराने वैद्यकीय दाखला नेला व पूर्ण वेतनाची परिवर्तित रजा घेतली. कंत्राटी कामगाराने दाखला नाकारला. “डॉक्टरसाहेब, खाडा झाला की रोज बुडतो. ताप उतरेल एवढे द्या,” इतकेच तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी पहाटे तो भर वाऱ्यात रस्ता झाडत होता.

वास्तविक, कर्मचारी राज्य विमा योजनेत नोंद असलेल्या कामगारास वर्षात 91 दिवसांपर्यंत सरासरी वेतनाच्या 70 टक्के आजारलाभ मिळतो. त्यासाठी सहामाहीत किमान 78 दिवसांचे अंशदान जमा असावे लागते आणि दाखला योजनेच्या दवाखान्यातून घ्यावा लागतो. ठेकेदाराने अंशदान चुकविल्यास मुख्य नियोक्ता म्हणून जबाबदारी नगरपालिकेवर येते.

म्हणून वैद्यबंधुभगिनींनी व औषधालयचालकांनी अशा रुग्णास ‘विमा क्रमांक आहे का?’ एवढे अवश्य विचारावे. असल्यास त्यास योजनेच्या दवाखान्याची वाट दाखवावी. नसल्यास स्थानिक शाखेने नगरपालिकेस लेखी जाब विचारावा. पथ्यावाचून औषध व्यर्थ, हे आपण रुग्णास बजावतो. ते त्याच्या नियोक्त्यासही बजावणे आपले कर्तव्य आहे.