जुनें आवरेना, तों नवें महाबळेश्वर!

मे महिन्यांत पाहुणा घरीं उतरला, कीं त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : महाबळेश्वरला कसें जावयाचें? साताऱ्यांत काय पाहावें, असें कोणी विचारील ही आशा आम्हां सातारकरांनीं केव्हांच सोडली आहे. शाहू महाराजांची राजधानी हीच, असें सांगूं लागावें तों पाहुणा घड्याळाकडे पाहूं लागतो. कंदी पेढे बांधून द्यावे आणि रस्ता दाखवावा, इतकेंच आमचें यजमानपद उरलें आहे.

आतां या पाहुण्यांसाठीं आणखी एक महाबळेश्वर व्हावयाचें आहे. २०१९ सालीं राज्य सरकारनें सातारा, जावळी व पाटण या तालुक्यांतील २३५ गांवांचें 'नवीन महाबळेश्वर' योजून तें काम रस्ते विकास महामंडळाकडे सोंपविलें. जुन्या ठिकाणची गर्दी विभागेल आणि डोंगरांतल्या तरुणास पोटासाठीं मुंबई गांठावी लागणार नाहीं, अशीं दोन कारणें पुढें केलीं जातात. दुसऱ्या कारणाची थट्टा करण्याचा अधिकार आम्हांस नाहीं; जावळी-पाटणांतील कुलुपबंद घरें आम्हीं पाहिलीं आहेत. परंतु पहिलें कारण? एक हौद गळतो म्हणून त्याच्या शेजारीं दुसरा बांधणाऱ्या गृहस्थास आपण शहाणा म्हणूं काय?

हा जुना हौद कसा आहे तें पाहा. माल्कम साहेबानें १८२८ च्या सुमारास वसविलेल्या या गिरिस्थानीं वर्षास पांच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. कृष्णा-कोयनांचा उगम तेथलाच. तरी त्याच तालुक्यांतील कांहीं वाड्यांनीं उन्हाळ्यांत टँकरची वाट पाहिलेली आहे. केंद्र सरकारनें २००१ सालींच हा टापू पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरविला. गर्दीनें मात्र तो सरकारी कागद वाचलेला दिसत नाहीं. सुटीच्या दिवशीं पांचगणीच्या पुढें पाहुण्यास दरीऐवजीं पुढल्या मोटारीची पाठ दिसते. विल्सन पॉइंटावर तो पोंचलाच, तर अमुक सिनेमा येथें निघाला हें त्यास घोडेवाला सांगतो. विल्सन हा १९२३ ते १९२८ पर्यंत मुंबईचा गव्हर्नर होता, हें कोणीच सांगत नाहीं. (न सांगितल्यानें कोणाचें अडतेंहि नाहीं, हें आम्हांस मान्य आहे.) स्वच्छ शौचकूप, पुसट न झालेली पाटी, माहीतगार वाटाड्या, यांस नवें शहर कशाला लागतें?

आणि डोंगर रिकामा आहे असें योजकांना कोणीं सांगितलें? कासचें पठार २०१२ सालीं पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशांत गेलें. तेथें जांभ्या खडकावर मातीचा पातळ थर आहे, आणि सारी फुलें त्यावर जगतात. पायांखालीं तो तुडविला गेला कीं फूल संपलें. तेथें पाहुण्यांकडून शुल्क घेण्याची आणि त्यांची संख्या आवरण्याची व्यवस्था आसपासच्या गांवांनीं वनखात्याच्या साह्यानें चालविली आहे. तींत उणिवा आहेत. पण गांवच्या पोरास गांवांतच काम मिळण्याची वाट तीच नव्हे काय?

आमचे सांगलीचे व्याही या वादांत पडत नसत. परंतु त्याच २०१९ च्या ऑगस्टांत कृष्णामाई त्यांच्या माजघरांत शिरली, तेव्हांपासून वरच्या डोंगरावर काय चाललें आहे, अशी चौकशी ते दर पत्रांत करितात. पुराला कारणें अनेक असतात. तरी उतारावरची झाडी काढून तेथें सिमेंट घातल्यास पाणी कोणाकडे धांवेल, हें सांगावयास इंजिनियर लागत नाहीं.

परवां एका पाहुण्यानें महाबळेश्वरची वाट विचारलीच नाहीं. नव्या महाबळेश्वरांत प्लॉट कोठें मिळतील, असें त्यानें विचारलें. आम्हीं त्यास पेढे बांधून दिले. रस्ता मात्र दाखविला नाहीं.