नववीतली मुलगी आणि भरूचची बदली

मे महिन्यात वर्ग बंद असतात, पण शाळेचं ऑफिस चालू असतं, कारण दाखले याच महिन्यात जातात. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर 'शाळा सोडण्याचे कारण' असा एक रकाना असतो. तिथं आम्ही 'पालकांची बदली' एवढे दोन शब्द लिहितो आणि पुढचं पान उलटतो. कर्जत आणि खालापूर हे तसे येण्या-जाण्याचेच तालुके. मुंबईचं भाडं परवडत नाही म्हणून कोणी इकडे राहायला येतं, कंपनी हलली म्हणून कोणी इथून जातं.

यंदा आलेल्यांत माझा एक जुना विद्यार्थी होता. आता तो दोन मुलांचा बाप आहे. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका केमिकल कंपनीत ऑपरेटर आहे आणि कंपनी आपलं काम गुजरातेत, दहेजला नेते आहे. दहेज भरूच जिल्ह्यात, खंभातच्या आखाताच्या काठावर. कामगार बहुतेक भरूच शहरात राहतात आणि कंपनीच्या बसने जातात-येतात. मुलगी आठवी पास होऊन नववीत जाणार, मुलगा चौथीत. दोघांचे दाखले हवे होते. मी विचारलं, "घरी सगळ्यांना सांगितलंस?" तो म्हणाला, "बायकोला माहीत आहे, सर. मुलीला अंदाज आहे. अम्मीला अजून नाही."

दाखला दहा मिनिटांत होतो. आम्ही दोन तास बसलो.

नातेवाइकांनी त्याला एकच सल्ला दिला होता: एकटा जा, पैसे पाठव, घर हलवू नकोस. कोकणी मुसलमानांच्या घरांत हा सल्ला नवा नाही. पुरुष जहाजावर गेले, मुंबईला गेले, नंतर आखाती देशांत गेले, आणि घरं बायकांनी चालवली. वडील म्हणजे वर्षातून एकदा येणारी बॅग, अशा आठवणी आपल्या पिढीतल्या कितीजणांकडे आहेत! त्या कष्टांबद्दल मला आदर आहे, पण त्याचं कौतुक करत आपण बापाचं घरात नसणं हीच रीत मानून बसलो.

त्याचं उत्तर मला आवडलं. म्हणाला, "सर, मी आत्ता तरी कुठं घरी असतो?" मग आम्ही कागदावर हिशेब मांडला. घरातून पहाटे पाचला निघायचं, रिक्षाने कर्जत स्टेशन, लोकलने ठाणे, तिथून ट्रान्स-हार्बरची गाडी, मग चालत गेट. एका बाजूला सव्वादोन तास, दोन्ही मिळून साडेचार. महिन्याचे सव्वीस दिवस धरले तर 117 तास, म्हणजे जवळपास पाच पूर्ण दिवस-रात्र नुसत्या प्रवासात. तो निघतो तेव्हा मुलगा झोपेत, येतो तेव्हा पेंगुळलेला. भरूचहून दहेज साधारण 45 किलोमीटर, तेही बसायला जागा असलेल्या बसने. म्हणजे महाराष्ट्र सोडून गेल्यावर हा बाप आपल्या मुलांना उजेडात भेटणार! पनवेल-कर्जत उपनगरी मार्गाचं काम चौक-मोहपेकडून चाललंय, ते बघत तो म्हणाला, "आमची गाडी यायला लागली आणि आम्हीच निघालो."

तेव्हा घर घेऊन जावं, या बाजूचं वजन कमी नाही. पण मुलांचा हिशेब पगाराच्या कागदावर होत नाही. तो मुलाच्या इयत्तेवर होतो, आणि दोन मुलांचा वेगवेगळा येतो.

मुलाची मला काळजी नाही. नऊ वर्षांचं मूल वर्षभरात गल्लीतली भाषा उचलतं. गुजरातच्या 2023 च्या कायद्यानुसार तिथल्या सगळ्या शाळांत पहिली ते आठवी गुजराती शिकवणं सक्तीचं आहे, जसं आपल्याकडे 2020 पासून मराठीचं आहे. गुजराती लिपी म्हणजे शिरोरेखा काढून ठेवलेली आपलीच लिपी. थोडी अक्षरं वेगळी आहेत, तेवढी सुट्टीत घोटून घेता येतील. भरूच परिसरातले वोहरा मुसलमान घरात गुजरातीच बोलतात. मुसलमान म्हणजे उर्दूच, हा गैरसमज तिथंही चालणार नाही, जसा आपल्या कोकणात चालत नाही. आणि घर सुरतेत असतं तर आणखी एक सोय होती: सुरत महापालिका गुजरातीबरोबर मराठी, उर्दू, हिंदी, ओडिया, तेलुगू अशा माध्यमांच्याही शाळा चालवते.

मशिदीबद्दल मात्र मी त्याला आधीच सांगितलं. आपण शाफई, तिकडच्या बहुतेक मशिदी हनफी. इथं मोठ्याने 'आमीन' म्हणणारा, रुकूला जाताना हात उचलणारा मुलगा तिथं पहिल्याच दिवशी एकटा उठून दिसेल. असरची वेळही तासाभराने पुढे. कोणी बुजुर्ग त्याला टोकेल आणि पोराला वाटेल आपली नमाजच चुकीची. दोन्ही पद्धती बरोबर आहेत, हे बापाने घरी, निघायच्या आधी सांगायचं. तिथं टोकल्यावर सांगितलं तर ते समजावणं राहत नाही, नुसती समजूत काढणं होतं.

खरा प्रश्न मुलीचा. ती मराठी माध्यमात सेमी-इंग्रजीला आहे, हुशार आहे आणि डॉक्टर व्हायचं म्हणते. उद्या काय होईल अल्लाह जाणे, पण नियम आज माहीत असावेत. महाराष्ट्राच्या राज्य कोट्यातून एमबीबीएसला अर्ज करायचा तर अधिवासाबरोबर दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून उत्तीर्ण असावी लागते. काही सरकारी नोकरांच्या मुलांना यात सवलत आहे. खाजगी कंपनीतल्या बदलीला ती मिळत नाही. म्हणजे नववीला बाहेर पडून तिकडे दहावी केली, तर इथलं दार तिच्यापुरतं बंद. तिकडचं दार तिकडच्या नियमांनी उघडेल, ते प्रवेश घेण्याआधी बघायला हवं, नंतर नव्हे.

आठवी आणि नववी यांच्यामध्ये आणखी एक रेघ आहे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम 5 सांगतं की मुलाला दुसऱ्या शाळेत, दुसऱ्या राज्यातसुद्धा, जाण्याचा हक्क आहे. मुख्याध्यापकांनी दाखला ताबडतोब द्यायचा, आणि दाखला यायला उशीर झाला म्हणून नव्या शाळेने प्रवेश अडवायचा नाही. हे सरकारी आणि अनुदानित शाळांना लागू आहे, आणि आठवीपर्यंतच. मुलाला या कलमाचा आधार आहे, मुलीला नाही. शिवाय राज्याबाहेर जाताना दाखल्यावर शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी मागतात. ती इथं असतानाच घेतलेली बरी. रेशन कार्डाची चिंता करू नये, आधार जोडलेलं असेल तर धान्य तिकडच्या दुकानातही मिळतं. ओबीसी दाखल्याचं तसं नाही. इथल्या राज्य यादीचा लाभ दुसऱ्या राज्यात आपोआप मिळत नाही.

हे सगळं ऐकून तो गप्प बसला. मग म्हणाला, "सर, मी हे सगळं त्यांच्यासाठीच करतोय ना?" वाचकहो, हे वाक्य आपण बाप लोक फार सहज बोलतो. मीही दोन मुलांचा बाप आहे. या वाक्यापुढे मुलाला बोलायला जागा राहत नाही. जे तुझ्यासाठीच केलंय त्याला नको कसं म्हणायचं? सूरह बकराच्या 233 व्या आयतीत तान्ह्या बाळाचं दूध सोडवण्याची गोष्ट आहे. तेवढ्यासाठीही आई-वडिलांनी परस्परांच्या संमतीने आणि सल्लामसलतीने ठरवावं, असं तिथं आलं आहे. मग चौदा वर्षांच्या मुलीची शाळा, मैत्रिणी, भाषा आणि राज्य बदलताना तिला निदान विचारावं तरी. मी त्याला म्हटलं, मुलाचा दाखला आज ने. मुलीचा मी आज लिहीत नाही. आपण बोललो ते सगळं तिच्यासमोर ठेव, आणि 'तुमच्यासाठीच' हा शब्द न वापरता ठेव.

तो आठवड्याने आला. शुक्रवारी जुम्म्यानंतर सगळ्यांना बसवून सांगितलं होतं. मुलगी म्हणाली, मी दहावीपर्यंत दादीजवळ राहते. बापाला हे लागलं. इतकी वर्षं लोकलमध्ये घालवून आता संध्याकाळी घरी येणार, तर लेकच तिथं नसणार. त्याहून मला दुसरी भीती वाटली, आणि मी ती बोललो. मागे राहिलेली मुलगी अभ्यासासाठी राहिली असं आपण म्हणतो, आणि सहा महिन्यांत ती म्हाताऱ्या माणसाची औषधं, भाकऱ्या आणि पाणी बघत असते. मुलगा मागे राहिला तर त्याच्यासाठी डबा येतो. मुलगी राहिली तर तिच्या हातात चूल येते. आपल्या घरांत हे होतं, नाही म्हणू नका.

दादीने ते आमच्याआधीच ओळखलं होतं. ती नातीला म्हणाली, "मला सांभाळायला राहू नकोस. दहावीसाठी राहायचं तर राहा." मग तिनेच व्यवस्था सांगितली. खोपोलीला दिलेली मुलगी आठवड्यातून दोनदा येईल. लौजी, डोळवली, केळवली, पळसदरी करत अर्ध्या तासात लोकल कर्जतला येते. धुण्या-भांड्यांना बाई लावायची, तिचा पगार दहेजच्या पगारातून. बापाने महिन्यातून दोनदा रात्रीच्या गाडीने यायचं आणि तिकिटं आधी काढून मुलीच्या हातात द्यायची. रमजानात दादी आणि नात दोघींनी भरूचला जायचं. आणि रोज रात्री नातवाने फोनवर तिच्याशी आपल्या कोकणीतच बोलायचं, गुजरातीत नाही.

बायकोचं मत मी विचारलं. ते त्याने सांगितलं, तेव्हा तो पहिल्यांदा हसला. तिची अट एकच आहे: दोन वर्षं म्हणजे दोनच. बारावीचं काय ते दहावीच्या निकालानंतर पुन्हा सगळ्यांनी बसून ठरवायचं, कोणी आधी ठरवून येऊन सांगायचं नाही.

मुलाच्या दाखल्यावर प्रतिस्वाक्षरी झाली आहे. पंधरा जूनला शाळा उघडेल, तेव्हा नववीच्या हजेरीपटावर मुलीचं नाव असेल. वडिलांचा मोबाइल नंबर तोच आहे. पत्त्याच्या रकान्यात मात्र तिने स्वतःच्या अक्षरात दोन पत्ते लिहून दिले आहेत.