स्वस्त वीज मोटारीला, महाग वीज रिक्षाला

राजधानीच्या विषारी हवेवर विजेची वाहने हा उतारा आहे, असे राज्यकर्ते गेली काही वर्षे उच्चरवाने सांगत आहेत. उतारा चुकीचा नाही. परंतु या विजेचे मोल कोण किती देतो, याविषयी मात्र मौन पाळले जाते.

मध्यम आकाराच्या विद्युत मोटारीला शंभर किलोमीटरसाठी, चार्जिंगमधील गळती धरून, सुमारे सतरा युनिट वीज लागते. दिल्ली विद्युत नियामक आयोगाच्या 2019 च्या दरपत्रकात वाहनांसाठी युनिटला 4.50 रुपये दर ठरला. म्हणजे अधिभार सोडून खर्च 77 रुपयांच्या घरात. तेवढ्याच अंतराला पेट्रोलवर सहाशेहून अधिक रुपये जातात. शिवाय ऑगस्ट 2020 च्या दिल्ली सरकारच्या धोरणाने पहिल्या 1,000 मोटारींना प्रत्येकी दीड लाखापर्यंत अनुदान आणि वाहनकराची माफी देऊ केली. ई-रिक्षाला त्याच धोरणात 30,000 रुपये.

तथापि स्वस्त दराचा लाभ घेण्यासाठी स्वतःच्या नावाचा मीटर आणि गाडी उभी करण्याची हक्काची जागा लागते. बंगलेवाल्याकडे दोन्ही असते. पूर्व दिल्लीतील भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या ई-रिक्षाचालकाकडे यांपैकी काहीच नसते. बारा व्होल्टच्या चार शिसे-आम्ल बॅटऱ्या, प्रत्येकी शंभर अँपिअर-तासांच्या, पूर्ण भरायला सहा-सात युनिट पुरतात. सरकारी दराने हा खर्च सत्तावीस ते बत्तीस रुपये. अधिभारासह पन्नासाच्या आतच. प्रत्यक्षात चालक रात्रीच्या चार्जिंगला आणि जागेला मिळून गॅरेजवाल्यास शंभर ते दीडशे रुपये मोजतो. सवलत सरकारने दिली. ती खिशात घातली मधल्या माणसाने! पुष्कळ ठिकाणी ही वीज आकडा टाकून घेतलेली असते, तारा उघड्या असतात. मे 2025 मध्ये शाहदऱ्यात अशाच एका चार्जिंगच्या जागी आग लागून दोन तरुण प्राणास मुकले. अशा घटनेनंतर छापे पडतात आणि चोर म्हणून बहुधा चालकाकडेच बोट दाखवले जाते.

या वाहनाशी व्यवस्थेचे वर्तन प्रथमपासूनच असे आहे. जुलै 2014 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ई-रिक्षांवर बंदी घातली, 2015 मध्ये कायदा दुरुस्त होऊन त्यांना मान्यता मिळाली. पण त्या रात्री उभ्या कुठे राहणार, हे कोणीच ठरवले नाही. मेट्रो स्थानकापासून वस्तीपर्यंत लाखो श्रमिकांना नेणारे वाहन मात्र तेच.

सार्वजनिक केंद्रावरील चार्जिंगला ‘सेवा’ ठरवून 18 टक्के वस्तू व सेवा कर आकारला जातो. घरच्या विजेला तो नाही. ज्याला घरी भिंत आहे तो सुटला.

आणि ही वीज येते कुठून? बदरपूरचे औष्णिक केंद्र ऑक्टोबर 2018 मध्ये बंद झाले, पण दिल्लीची रात्र आजही प्रामुख्याने दादरी, झज्जर, रिहंद येथील कोळशावर चालते. धूर राजधानीतून हलला, तो सिंगरौलीच्या खाणकामगारांच्या वस्तीवर गेला.

ई-रिक्षांच्या चार्जिंग तळांना एकाच जोडणीतून वीज देण्याची तरतूद आयोगाच्या दरपत्रकातच आहे. महानगरपालिका आणि 2002 पासून खासगी झालेल्या वितरण कंपन्या यांनी मेट्रो स्थानकांलगतच्या सार्वजनिक जमिनीवर असे तळ उभारावेत, दर फलकावर लिहावा, 18 टक्क्यांचा कर रद्द व्हावा, आणि तळांचा कारभार चालकांच्या सहकारी संस्थांकडे सोपवावा. रिक्षाचालकांच्या संघटनांनी ही मागणी आयोगाच्या पुढील दरसुनावणीत लेखी मांडली पाहिजे.